लठ्ठपणा: काट्यावर उभं राहण्याआधी वाणसामानाची यादी काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात चौघं, चौघांचंही वजन वाढतंय, सोसायटीत आणि ऑफिसात पाहावं तर तेच. 'कमी खा, चाला' हे ऐकून कान किटले आहेत. मग नेमकं काय करायचं, किती करायचं, सुरुवात कुठून करायची आणि समाज म्हणून काय करता येईल?

एका घरातल्या चौघांचं वजन बरोबरीनं वाढतं, तेव्हा दोष चौघांच्या जिभेत शोधू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १२.६ टक्के आणि पुरुषांपैकी ९.३ टक्के जास्त वजनाचे होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे आकडे २४ आणि २२.९ टक्के झाले. पंधरा वर्षांत एवढ्या लोकांचा मनोनिग्रह अचानक ढासळला, हे मला पटत नाही. घरात येणारा माल बदलला, बाहेरचं खाणं स्वस्त आणि हाताशी आलं, अंगमेहनत उरली नाही. म्हणून एकट्यादुकट्याच्या डाएटपेक्षा अख्ख्या घराची किराणा यादी हातात घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. वजन काट्यावर दिसतं, पण महिन्याच्या यादीत ते आधीच लिहिलेलं असतं.

त्याआधी एकदा मोजमाप. उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि किलोतल्या वजनाला त्यानं भागा. हा आकडा म्हणजे बीएमआय. भारतीयांसाठी तो २३ च्या वर गेला की वजन जास्त, २५ च्या वर गेला की लठ्ठपणा. १६५ सेंटिमीटर उंची आणि ७० किलो वजन म्हणजे २५.७. असा माणूस आपल्याकडे 'तब्येतीनं बरा' म्हणवला जातो. पण या आकड्याहून कंबर जास्त खरं बोलते. शिंप्याची टेप घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोब्बर मधे, कपड्यांवरून नव्हे, अंगावर टेकवा. पोट आत ओढू नका, श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला तर पोटाची चरबी धोक्याची आहे. हमखास होणारी चूक म्हणजे पँटच्या मापावरून कंबर सांगणं. पोट सुटलं की पट्टा त्याच्या खाली सरकतो, त्यामुळे पँटचं माप वर्षानुवर्षं ३४ च राहतं आणि खरी कंबर ४० इंच झालेली असते. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढा दोरा कापा आणि दुहेरी करून कमरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे.

आपल्यासाठी मर्यादा एवढी खाली का, याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतली बाळं अभ्यासली. जन्मतः ती हडकुळी आणि वजनानं कमी, पण त्या मानानं चरबी राखून असलेली निघाली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून 'मी कुठे लठ्ठ दिसतो?' हा प्रश्न आपल्या लोकांनी आरशाला विचारू नये, टेपला विचारावा.

आता यादी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या दिवसासाठी माणशी साधारण असं प्रमाण आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी, मासे, मटण) ८५ ग्रॅम, बटाटा सोडून भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, दाणे-बिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. चौघांच्या घरासाठी याला १२० नं गुणा, म्हणजे चार माणसं आणि तीस दिवस. धान्य ३० किलो (कणीक, तांदूळ, पोहे, रवा, भाकरीची पिठं सगळं धरून), डाळी-कडधान्यं १० किलो, भाज्या ४८ किलो, तेल-तूप मिळून सव्वातीन किलो. आता आपली यादी शेजारी ठेवा. अनेक शाकाहारी घरांत डाळी-कडधान्यं मिळून तीन-चार किलो निघतात आणि तेल दुप्पट. सगळं दुखणं या दोन ओळींत आहे.

तेलाचा हिशोब पुरता करून बघू. १५ किलोचा डबा दोन महिन्यांत संपत असेल तर माणशी रोज साडेबासष्ट ग्रॅम तेल, म्हणजे सुमारे ५६० कॅलरी नुसत्या तेलाच्या. २०२५ मध्ये पंतप्रधानांनी तेल १० टक्के कमी करण्याचं आवाहन केलं. सुरुवात म्हणून ते चांगलंच, पण या घरात १० टक्के कमी करूनही ५६ ग्रॅम उरतं, म्हणजे अजूनही शिफारशीच्या दुपटीहून जास्त.

चौघांचे २७ ग्रॅमप्रमाणे दिवसाला १०८ ग्रॅम होतात. चहाचा चमचा ५ मिलीचा धरला तर साधारण २३ चमचे. ते असे संपतात: सकाळच्या भाजीला ४, संध्याकाळच्या भाजीला ४, आमटीच्या फोडणीला २, पोहे-उपम्याला ४, सोळा पोळ्यांना अर्धा अर्धा चमचा म्हणजे ८. झाले २२. तळण, पापड, लोणचं, वरणावरचं तूप, कोपऱ्यावरचा वडापाव यांना जागाच उरत नाही. पहिली काटछाट पोळीत करा. घडीत तेलाचं बोट पुरे, वरून लावायचं बंद करा किंवा रात्री फुलके-भाकरी करा. यातच दिवसाचे पाच-सहा चमचे वाचतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

तेल मोजण्याची माझ्या मते सर्वांत सोपी युक्ती अशी. डबा स्वयंपाकघरातून हलवा. दर रविवारी एका बाटलीत आठवड्याचं तेल काढा आणि तारखेची चिठ्ठी लावा. शेवटी ८०० मिलीवर यायचं आहे, पण पहिल्या आठवड्यात सध्याच्या वापरापेक्षा आठवा हिस्साच कमी भरा आणि दर पंधरा दिवसांनी आणखी तेवढंच उतरवा. एकदम निम्मं केलं की भाजी बेचव लागते, मुलं बाहेरून मागवतात आणि महिन्याभरात डबा ओट्यावर परत येतो. आणि हो, स्वयंपाक जी व्यक्ती करते, मग ती घरची बाई असो वा कामाला येणाऱ्या मावशी, तिला सोबत घेतल्याशिवाय हे होत नाही. तिच्या मागे लागून होत नाही, तिच्याबरोबर बसून बाटलीवर खूण केली की होतं.

कमी तेलात भाजी बिघडते ती बहुधा भांड्यामुळे. पातळ बुडाच्या कढईत मसाला जागोजागी जळतो, मग हात आपोआप तेलाच्या बुधलीकडे जातो. जाड बुडाची किंवा बिडाची कढई घ्या, ती नीट तापू द्या, चार चमच्यांत मोहरी तडतडली की कांद्यावर चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर झाकण ठेवा. कांदा स्वतःच्याच पाण्यात शिजतो, तळाला लागायला लागला तर दोन चमचे पाण्याचा हबका मारा. आणखी एक छुपं तेल म्हणजे दाण्याचा कूट आणि सुकं खोबरं. वाटीभर, म्हणजे १०० ग्रॅम कुटात साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात, खोबऱ्यात त्याहून जास्त. दाणे वाईट नाहीत, पण भाजीत मूठ भरून कूट आणि वर फोडणी असं दोन्ही नको. माणशी एक-दोन चमचे कूट आणि फोडणीचं तेल निम्मं, असा व्यवहार ठेवा.

साखरेचं गणित छोटं आहे. दिवसाला तीन कप चहा, कपात दोन चमचे, म्हणजे माणशी ३० ग्रॅम आणि चौघांची महिन्याला ३.६ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. इथे ही मर्यादा चहातच ओलांडली, बिस्किटं अजून यायचीच आहेत. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करा, महिन्यात एका चमच्यावर याल आणि जुना चहा घशाखाली उतरणार नाही. साखर बंद करून गूळ सुरू करण्यानं वजनात काही फरक पडत नाही, कॅलरी जवळपास तेवढ्याच असतात. सकाळच्या मध-लिंबू पाण्याचंही तेच. गोड कोलाच्या ३०० मिलीच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते, तिला घरात साठवून ठेवायची वस्तू मानूच नका.

आता कमी पडणाऱ्या ओळीकडे वळू, कारण नुसतं कमी करत गेलात तर भूक तुम्हाला हरवते. आपल्या ताटात भात-पोळीचं राज्य आणि वरण पातळ. वाटीभर पातळ वरणात जेमतेम २० ग्रॅम डाळ, म्हणजे चार-पाच ग्रॅम प्रथिनं. तासाभरात पुन्हा भूक लागणारच. दिवसाला माणशी ८५ ग्रॅम गाठायचं तर एका वेळी घट्ट वरण-आमटी (४० ग्रॅम डाळ) आणि दुसऱ्या वेळी उसळ, झुणका, पिठलं किंवा कुळथाचं कढण. मोड आलेल्या मटकी-मुगापासून सुरू करा, आठ-दहा तास भिजवून ते पाणी फेकून द्या. एकदम छोले-राजम्यावर उडी मारली की पोट फुगतं आणि 'आम्हाला कडधान्यं सोसत नाहीत' असा निकाल लागतो. ताटात डावीकडे चमचाभर वाढायची कोशिंबीर वाटीभर करा, तीही दाण्याच्या कुटाशिवाय, आणि जेवायला तिच्यापासून सुरुवात करा. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

उपवासाबद्दल वेगळं लिहायला हवं. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. ८० ग्रॅम साबुदाणा (२८० कॅलरी), २५ ग्रॅम कूट (१४०), अर्धा बटाटा (५०), दोन चमचे तूप (९०) अशी एक बशी ५६० कॅलरींची, आणि तिच्यात भाजी जवळजवळ शून्य. उपास सोडा असं मी म्हणत नाही. वरी किंवा राजगिरा, सोबत काकडीची कोशिंबीर, दही, ताक, फळं असा उपास धरला तर तो अंगाला लागत नाही.

ओट्यावरच्या बरण्या हा दुसरा मोठा चोर. शेव-फरसाण १०० ग्रॅमला पाचशेच्या वर कॅलरी देतं आणि टीव्हीसमोर १०० ग्रॅम कधी संपतं ते कळत नाही. बरणी पारदर्शक नको, हाताशी नको, आणि पिशवीतून थेट खाणं नको, वाटीत काढून खा. खारी-टोस्ट-बिस्किटांच्या पुड्यावर 'एका वाढपाचे' आकडे वाचू नका, '१०० ग्रॅममागे' असलेला रकाना वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या तिनांत मैदा, साखर आणि पाम तेल असेल तर पुड्याच्या पुढच्या बाजूला 'मल्टीग्रेन' लिहिलंय की 'डायजेस्टिव्ह' यानं काही बदलत नाही.

चालण्याबद्दल खरं ते सांगतो. ७० किलोच्या माणसानं अर्धा तास बऱ्यापैकी झपाट्यानं चालून सव्वाशेच्या आसपास कॅलरी जळतात. एका वडापावासाठी तासाभराहून जास्त. म्हणून खाणं तेच ठेवून फक्त मॉर्निंग वॉक करणारे वर्षानंतरही तिथेच असतात. तरीही चालायचंच, कारण कमी झालेलं वजन टिकवण्यात, साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटं, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली वेगळी. याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा-दहाच्या तीन फेऱ्या, भिंतीला टेकून जोर, झेपतील तेवढ्या बैठका. तो नसेल तर उतरलेल्या वजनात स्नायूही जातात, आणि ते गेले की शरीराचा रोजचा खर्च कमी होतो.

अपेक्षा किती ठेवावी? आठवड्याला फार तर अर्धा किलो, सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के. ८० किलोच्या माणसाचे ४ ते ८ किलो. ऐकायला थोडं वाटतं, पण एवढ्यानंही रक्तातली साखर, रक्तदाब आणि यकृतातली चरबी सुधारते. पहिल्या पंधरवड्यात दोन किलो उतरले की लोक हुरळतात. त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो. मग चौथ्या-पाचव्या आठवड्यात काटा अडतो आणि तिथेच बहुतेक जण सोडून देतात. त्या वेळी आधी कंबर मोजा, ती कमी होत असेल तर चिंता नको. तीही थांबली असेल तर तेलाची बाटली, शनिवार-रविवारचं बाहेरचं खाणं आणि चहासोबतचं खाणं तपासा, नव्वद टक्के वेळा गळती तिथेच सापडावी. वजन रोज करू नका, आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, त्याच कपड्यांत करा.

झटपट उतरवण्याच्या मागे लागू नका. आठवड्याला दीड किलोहून वेगानं वजन गेलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. पोटाचे पट्टे आणि घाम काढणारे सूट पाणी घालवतात, चरबी नाही. थायरॉइडवरही सगळं ढकलू नये. त्यामुळे वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलोंचं, त्यातही पाणी बरंच. तपासणी करून गोळी जरूर घ्या, पण पंधरा किलोंचं उत्तर त्या गोळीत नाही. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजाराची काही औषधं यांनी वजन वाढतं. ती परस्पर बंद न करता डॉक्टरांशी पर्यायाबद्दल बोला. आणि हे फार महत्त्वाचं: घरात कुणी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) घेत असेल, तर भात-पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. नाहीतर साखर धोकादायकरीत्या खाली जाते.

वजन उतरवणारी सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइडची इंजेक्शनं खरोखर काम करतात. चाचण्यांत सेमाग्लुटाइडनं ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता सुरुवातीला सर्रास. गरोदरपणात किंवा थायरॉइडच्या एका विशिष्ट कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असेल तर ती घेऊ नयेत. ज्यांना मधुमेह, झोपेत श्वास अडकणं असे त्रास आहेत त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर विचार करावा. लग्नाआधी दोन महिन्यांसाठी ती घेणं मात्र मला चुकीचं वाटतं.

मुलांना डाएटवर घालू नका. उंची वाढत असताना वजन आहे तिथे धरून ठेवलं तरी मूल सुधारतं. रोज तासभर मैदान, शाळकरी वयात नऊ ते अकरा तास झोप, जेवताना मोबाइल नाही, आणि जे बंधन आहे ते घरातल्या सगळ्यांना सारखं. एकट्या जाड मुलापुढे फुलका आणि बारीक भावापुढे पिझ्झा ठेवणं हा अन्याय आहे, आणि असं मूल चोरून खायला शिकतं.

समाज म्हणून काय, हे तुम्ही विचारलंत. घराबाहेरचं वातावरण बदलता येतं, याचे पुरावे आहेत. मेक्सिकोनं २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरमागे १ पेसो कर लावला, पहिल्याच वर्षी खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली. ब्रिटननं २०१८ मध्ये १०० मिलीत ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असलेल्या पेयांवर आकारणी सुरू केली, तेव्हा कर चुकवण्यासाठी कंपन्यांनी आधीच साखर कमी केली. चिलीमध्ये २०१६ पासून जास्त साखर-मीठ-चरबीच्या पुड्यांवर काळे अष्टकोनी शिक्के आहेत. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात गोड शीतपेयं ४० टक्क्यांच्या टप्प्यात गेली, पण बिस्किटं, चॉकलेट आणि फरसाण ५ टक्क्यांवर आली. पाच रुपयांचा पुडा हेच ज्या घरात मुलाचं मधल्या वेळचं खाणं आहे, तिथे हा निर्णय मला काळजीचा वाटतो. लठ्ठपणा आता श्रीमंतांचा राहिलेला नाही. स्वस्त कॅलरी गरिबाच्या ताटात आधी पोचतात, आणि अनेकदा त्याच घरात आई लठ्ठ आणि रक्तानंही कमी असते.

तुमच्या हातातलं इतकं. सोसायटीच्या सभेला, हळदीकुंकवाला किंवा वाढदिवसाला समोसा-वेफर-पेढ्याच्या बशीऐवजी मोड आलेल्या मटकीची भेळ, ढोकळा, फळं, ताक ठेवा. मुलांच्या खेळायच्या जागेत पार्किंग आखायचा ठराव आला तर विरोधात हात वर करा. शाळेसाठी एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) २०२० चा नियम आहे: शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत. सीबीएसई शाळांना २०२५ मध्ये साखरेचे आणि तेलाचे फलक लावायला सांगितलं आहे. पुढच्या पालकसभेत कॅन्टीनची दरपत्रकासह यादी मागा, फलक कुठे लागलाय ते विचारा, आणि पन्नास मीटर पावलांनी मोजून फाटकाबाहेर काय विकलं जातं त्याचे फोटो मुख्याध्यापकांना लेखी अर्जासोबत द्या. अर्जावर पाच-सहा पालकांच्या सह्या घ्या आणि पोच घ्यायला विसरू नका.